यकृताच्या कर्करोगावरील उपचारानंतर घरची शुश्रूषा

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या यकृतातील गाठीवर बेळगावात उपचार झाले. जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद केला, असे सांगण्यात आले. घरी आल्यापासून अंगात कणकण आहे आणि उजव्या बरगडीखाली दुखते. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत आहे. निघताना सिस्टरनी कन्नडमध्ये घाईघाईने जे सांगितले ते सासूबाईंना उमगले नाही. शेजारीपाजारी डाळ आणि अंडी बंद करायला सांगतात. लॅक्टुलोजने जुलाब होतात, म्हणून तेही थांबवावे काय?
— एक वाचक, जांबोटी परिसर, ता. खानापूर

उत्तर : लॅक्टुलोज परस्पर थांबवू नका. दुबळे यकृत आतड्यात तयार होणारा अमोनिया निकामी करू शकत नाही आणि तो मेंदूपर्यंत पोहोचतो. तो शौचावाटे बाहेर पडावा म्हणूनच हे औषध दिलेले असते. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचास होणे अपेक्षित आहे. त्याहून जास्त वेळा आणि पाण्यासारखे होत असेल, तर डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करावी. दिवसा झोप आणि रात्री जागरण, असंबद्ध बोलणे, पुढे धरलेले हात पंजापाशी फडफडणे ही अमोनिया चढल्याची चिन्हे असतात, आणि ती डॉक्टरांच्या आधी घरच्यांनाच दिसतात.

गाठीचा भाग मरू लागला की काही दिवस, क्वचित आठवडाभर, ताप, दुखणे आणि मळमळ राहते. मात्र थंडी वाजून ताप चढला, किंवा उतरलेला ताप पुन्हा आला, तर जंतुसंसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच द्यावे. अशा रुग्णांना सहसा दिवसाला 2 ग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. औषध दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन ही गोळी मूत्रपिंडाला घातक ठरू शकते, आणि गावठी काढ्यांपासूनही तितकेच दूर राहावे.

डाळ आणि अंडी बंद करण्याचा सल्ला चुकीचा आहे, आणि तो आपल्या भागात फार आत्मविश्वासाने दिला जातो. या रुग्णांचे स्नायू झपाट्याने झिजतात. त्यांना दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. पिठले-भाकरी, दही, अंडी चालू ठेवा आणि झोपण्यापूर्वी थोडे दूध-भाकरी द्या, कारण रात्रभराच्या उपाशी पोटाला पुरेल एवढा ऊर्जेचा साठा अशा यकृतात राहत नाही. पोटात पाणी झाले असेल, तर लोणचे, पापड, सांडगे टाळून दिवसभरातले मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवावे. बाजारातले कमी सोडियमचे मीठ मात्र विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात पोटॅशियम असते आणि पाणी उतरवण्याच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकते.

आता सिस्टरांविषयी. वॉर्डातील कामाचा ताण पाहता त्यांना दोष देणे योग्य नाही. पण निघण्याच्या घाईत, परक्या भाषेत दिलेली माहिती घरापर्यंत पोहोचत नाही, हेही खरे. हे शिक्षण दाखल झाल्या दिवसापासून सुरू व्हावे, आणि घरात स्वयंपाक व औषधे जी व्यक्ती पाहते तिलाच ते द्यावे. ‘समजले ना?’ या प्रश्नाला सासूबाई हो म्हणणारच. त्याऐवजी, ‘मावशी, आज रात्री ते बरळू लागले तर काय कराल?’ असे विचारावे आणि लॅक्टुलोजचे माप त्यांच्याच हाताने भरून घ्यावे. सूचनांचा कागद एका बाजूला मराठीत व दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये असावा, म्हणजे घरच्यांना वाचता येतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांनाही. पुढील तपासणीला जाल तेव्हा असा कागद आणि वॉर्डाचा दूरध्वनी क्रमांक आवर्जून मागा.

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच झाल्यास उजाडण्याची वाट न पाहता 108 ला फोन करावा. तुमच्या भागात पावसाळ्यात रस्त्याची खात्री नसते, म्हणून गावातली एखादी गाडी आधीच सांगून ठेवावी. आजाराचे मूळ हेपटायटिस बी (यकृताचा विषाणूसंसर्ग) असेल, तर त्याच्या गोळ्या चुकवू नयेत. घरातील सर्वांची रक्ततपासणी करून, ज्यांना संसर्ग नाही व ज्यांचे लसीकरण झालेले नाही त्यांना लस द्यावी.