सरासरीचा विश्वास अंतराल काढताना

कोल्हापूरच्या गूळ बाजारात आलेल्या एका मालातील रव्यांचे (गुळाच्या ढेपांचे) सरासरी वजन आणि त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे नमुन्यावरून बांधलेला खऱ्या सरासरीचा अंदाजी पट्टा, तुम्हाला काढायचा आहे, असे समजा. तुम्ही १६ रवे तोलले, त्यांची सरासरी १०.२ किलो आणि प्रमाण विचलन, म्हणजे वजनांचा सरासरीभोवतीचा पसारा (नमुना असल्याने १६ ऐवजी एक कमी, १५ ने भागून) ०.४ किलो आले. प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्याच्या सरासरीतील अनिश्चितता, ०.४ भागिले १६ चे वर्गमूळ, म्हणजे ०.१ किलो. इथे नवखा विद्यार्थी सवयीने १.९६ ने, म्हणजे ९५ टक्क्यांसाठीच्या प्रसामान्य (नॉर्मल) वितरणातील गुणकाने गुणतो आणि १०.००४ ते १०.३९६ असा अंतराल मिळाल्याने सरासरी १० किलोपेक्षा जास्तच आहे, असे ठामपणे लिहून मोकळा होतो. परंतु समष्टीचे (सगळ्या मालाचे) विचलन ठाऊक नसून ते नमुन्यावरूनच अंदाजिलेले असल्यामुळे, संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये लहान नमुन्यांसाठी मांडलेल्या टी-वितरणातील, १६ च्या नमुन्यासाठीचा २.१३१ हा गुणक घ्यावा लागतो. मग अंतराल ९.९८७ ते १०.४१३ असा रुंदावतो आणि १० किलो त्यात येऊन बसतात. एक्सेल वापरत असाल, तर ‘कॉन्फिडन्स’ हे जुने सूत्र १.९६ च घेते, ‘कॉन्फिडन्स.टी’ निवडा.

९५ टक्के हे या एका अंतरालाचे नव्हे, तर पद्धतीचे वर्णन आहे : पुनःपुन्हा नमुने घेतल्यास सुमारे ९५ टक्के अंतराल खऱ्या सरासरीला सामावतील.

माझ्या मते, खरी गफलत सूत्रापेक्षा नमुन्यात होते. थप्पीच्या वरचे, एकाच काहिलीतले १६ रवे उचललेत, तर ते परस्परांपासून स्वतंत्र राहत नाहीत आणि अंतराल फसवा अरुंद येतो. तेव्हा आधी निरनिराळ्या गुऱ्हाळांचे रवे चिठ्ठ्या टाकून निवडा.