हात कुठून उठतो ते बघ

प्रिय,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आला. "ताई, उद्यापासून फोन बंद. बटणांचा डबडा घेतेय. आता सरकारी पोस्ट काढल्यावरच स्मार्टफोन." वाचून हसू आलं. रागावू नकोस, पण हीच शपथ मी 2017 साली, तुझ्यासारखाच एमपीएससीचा अभ्यास करत, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन) राहत असताना घेतली होती. आदल्या सप्टेंबरात जिओ आलं होतं. जो एक जीबी आम्ही महिनाभर पुरवून पुरवून वापरायचो, तो रोजचा झाला. त्यात माझी पूर्व परीक्षा दोन गुणांनी गेली. सगळं खापर फोनवर फोडलं आणि बटणांचा फोन घेऊन आले. अकराव्या दिवशी "जरा आन्सर की (उत्तरतालिका) बघते गं" म्हणून रूममेटचा फोन मागितला आणि पाऊण तास परतच दिला नाही. तिची आई तेवढ्या वेळात तीनदा फोन करून थकली.

तेव्हा डबडा घेऊ नकोस. जाहिरात, हॉल तिकीट, लेक्चर, मेसचे पैसे, सगळं त्याच फोनवर आहे. आज घेतलास तरी पंधरा दिवसांत जुना फोन बॅगेतून बाहेर येईल, आणि वर शपथ मोडल्याची बोच राहील ती वेगळीच.

मला उपयोग झाला तो एका वहीचा. मागच्या पानावर, फोनकडे हात गेला की एक रेघ. फोन घेतला नाही, नुसता हात गेला तरी रेघ. आणि शेजारी एकच गोष्ट लिहायची: त्या क्षणी समोर काय होतं. पहिल्या दिवशी 38 रेघा निघाल्या. त्यातल्या फक्त नऊ वेळा फोन वाजला होता. उरलेल्या 29 वेळा तो बिचारा गप्प पडला होता, हात माझाच गेला होता.

कुठून गेला ते बघून मी ओशाळले. इतिहास वाचताना जवळजवळ रेघच नाही. राज्यव्यवस्थेत धन विधेयक आणि वित्त विधेयक, म्हणजे कलम 110 आणि 117, त्या दीड पानावर सहा रेघा! ते मला समजत नव्हतं. समजत नाही हे स्वतःशी कबूल करायच्या आधीच हात टेबलाच्या कडेला पोचलेला असायचा. सीसॅटच्या, म्हणजे पूर्व परीक्षेतल्या कल चाचणीच्या पेपरातल्या, गणितांचं तेच. आणि संध्याकाळी सातच्या सुमारास, मेसला जायला अजून वेळ असतो आणि घरची आठवण येते, तेव्हा ओळीने चार. म्हणजे मला फोनची ओढ कमी होती आणि समोरच्या पानाची धास्ती जास्त. रोज किती तास फोन पाहिला हा आकडा सेटिंग्जमध्ये दिसतो, पण तो आकडा हे सांगत नाही.

म्हणून आठवडाभर काही बदलू नकोस, नुसत्या रेघा मार. मग ज्या जागी जास्त रेघा दिसतील तिथे हाताला दुसरं काम दे. मी अडलेल्या ओळीवर पेन्सिलने टिंब द्यायचे, उठून बाटली भरून आणायचे आणि तीच ओळ पुटपुटत वाचायचे. अभ्यासिकेत शेजारचे वैतागायचे, तो भाग सोड. आता तर मुख्य परीक्षा वर्णनात्मक आहे. निबंधाच्या पेपरला तीन तास स्वतःच्या डोक्यातून काढून हाताने लिहायचं आहे. अडलेल्या वाक्यापाशी न उठता बसून राहायची सवय त्या दिवशी सकाळी आयती येणार नाही.

टेलिग्रामचं मात्र लगेच कर. तुझ्याकडे किती चॅनेल आहेत ते मी विचारत नाही, माझ्याकडे 23 होते. एकच पीडीएफ अकरा ठिकाणांहून यायची आणि मी अकराही ठिकाणी उतरवून घ्यायचे. वाचली एकदाही नाही. दोन ठेव, बाकी सोड. तारखांची खबर आयोगाच्या संकेतस्थळावर असते, दुपारच्या जेवणानंतर एकदा बघितलंस तर काहीही हुकत नाही. "काहीतरी सुटेल" ही भीती खरी वाटते, पण माझं त्या भीतीपायी जेवढं सुटलं तेवढं एकाही जाहिरातीपायी सुटलं नाही.

रील्सबद्दल एवढंच. पूर्वी पान संपलं की "पुढे" वर बोट ठेवावं लागायचं. 2006 साली अझा रास्किन नावाच्या माणसाने ते पान संपणारच नाही अशी सोय केली, आणि पुढे त्यानेच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, याला नाही. त्यामुळे "थोडं बघून ठेवते" हे तिथे चालत नाही. बघायचंच तर जेवणाच्या रांगेत उभं राहून बघ. रांग पुढे सरकली की आपोआप थांबशील.

आईच्या फोनची काळजी लिहिली आहेस. डू नॉट डिस्टर्बमध्ये आईचा आणि भावाचा नंबर सूट म्हणून घाल, त्यांचे फोन वाजतील. अँड्रॉइडमध्ये आणखी एक सोय आहे: 15 मिनिटांत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू द्यायचा, असं ठरवता येतं. घरी सगळ्यांना सांगून ठेव, घाई असेल तर लागोपाठ दोनदा लावा. गावाकडची माणसं तसंही दोनदा लावतातच.

आणि हे एकटीने करू नकोस. आपल्या सांगली जिल्ह्यातलं, तुझ्या कडेगाव तालुक्यातलंच मोहित्यांचे वडगाव बघ. 2022 मध्ये त्या गावाने ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घराघरातले टीव्ही-मोबाइल बंद, ते साडेआठच्या भोंग्यापर्यंत. एकट्या पोराला हे जमलं नसतं. सगळी आळीच बंद म्हटल्यावर आपण काय चुकवतोय असं वाटायला जागा राहत नाही. तुझ्या खोलीत तिघी आहात. रात्री दहाला तिन्ही फोन दाराजवळच्या फळीवर, चार्जिंगला. माझ्या ऑफिसात पावसाळ्यात आणि निवडणुकीत रात्री-बेरात्री ग्रुपवर निरोप येतात, म्हणून मला हे बाराही महिने जमत नाही, हेही सांगून टाकते.

गजराचं घड्याळ तुळशीबागेत मिळेल. टिकटिक करणारं घेऊ नकोस, रूममेट दुसऱ्याच रात्री खिडकीतून फेकतील.

दिवाळीला गावी येशील तेव्हा रेघांची वही घेऊन ये. फोटो काढून पाठवू नकोस.

तुझी,
ताई