वाचकांचे प्रश्न : वेगवान बोटीवरील नांगराची प्लेट

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझे फॅब्रिकेशनचे लहानसे वर्कशॉप असून यंत्रमागांची दुरुस्ती हे आमचे मूळ काम आहे. उजनी जलाशयात हौसेने गळ टाकणाऱ्या एका गिऱ्हाइकाने अमेरिकी धाटणीची वेगवान फायबरची बास बोट (बास जातीचे मासे गळाने पकडण्यासाठीची) आणली आहे. उथळ पाण्यात तळाशी दांडा रोवून बोट जागेवर धरणारे दोन हायड्रॉलिक नांगर तिच्या पाठीमागे, इंजिनच्या दोन्ही बाजूंना बसवलेले आहेत. डावा नांगर बोटीला जोडणारी 10 मि.मी. जाडीची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट आतल्या कोपऱ्यात तडकली आहे आणि तिचे बोल्ट दर दोन-तीन फेऱ्यांनंतर ढिले होतात. नवी प्लेट 16 मि.मी. जाडीची करून, मागाखाली घालतो तसे तिच्याखाली रबरी पॅड घालावे, असा माझा विचार आहे. तो योग्य ठरेल का?

उत्तर : रबराचा विचार आपण आधी सोडून द्यावा. माग स्वतःच्या वजनाने पॅडवर बसलेला असतो आणि ते वजन पॅडला सतत दाबून ठेवते. इथे प्लेट बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला लटकलेली आहे आणि तिला धरून ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे बोल्टांनी निर्माण केलेली घट्ट पकड. मध्ये रबर आले की ते दाबाखाली हळूहळू पसरते, पकड कमी होते आणि आज दोन-तीन फेऱ्यांनी ढिले होणारे बोल्ट उद्या एकाच फेरीत ढिले होतील.

जाडीबद्दल आपला हिशेब अर्धा बरोबर आहे. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून 10 ऐवजी 16 मि.मी. घेतल्यास प्लेट चौपट ताठ होते. मात्र धक्का त्यामुळे नाहीसा होत नाही, तो पुढे सरकतो. समजा एक नांगर 18 किलोचा आहे आणि त्याचे वजन भिंतीपासून 25 सें.मी. मागे लोंबकळते आहे. लाटेवरून आपटताना तिप्पट धक्का बसला, तर तेवढ्या अंतरावर क्षणभर 54 किलो टांगल्यासारखे होते, आणि अशा बोटी ताशी 100 कि.मी.च्या आसपास धावत असल्याने हे आपटणे पुनःपुन्हा घडते. प्लेट वाकेनाशी झाली की तोच झटका बोटीची मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, सोसते. मग तडा आपल्या प्लेटला न जाता गिऱ्हाइकाच्या बोटीला जातो, आणि ती दुरुस्ती कितीतरी महाग पडते.

दोन्ही प्लेटा एकसारख्या असून डावीच तडकली असेल, तर प्रथम त्या बाजूच्या भिंतीची सपाटी पाहावी. बोल्ट सैल करून प्लेटच्या कडेने फीलर गेज (फट मोजण्याचे पातळ पाते) फिरवावा. पाते एका कोपऱ्यात सहज आत जात असेल, तर ती प्लेट बोट हलण्याआधीच बोल्टांनी ओढून वाकवलेली होती, असे समजावे. ती फट घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरावी. प्लेटला आधी मेणाचा हात दिल्यास ती चिकटून बसणार नाही. तडा ज्या आतल्या कोपऱ्यातून निघाला तो काटकोनात कापलेला असणार, असा माझा तर्क आहे. नव्या प्लेटमध्ये तिथे निदान 10 मि.मी. त्रिज्येची गोलाई ठेवावी. एवढे केल्यावर 12 मि.मी. जाडी पुरेशी ठरावी.

अ‍ॅल्युमिनियम 6061-टी6 या प्रतीचे घेतल्यास वेल्डिंग टाळावे, कारण वेल्डच्या आसपास त्याची बरीचशी ताकद जाते. वेल्ड करणे अपरिहार्यच असेल तर 5083 प्रतीचे घ्यावे. बोल्ट 316 स्टेनलेसचे आणि नट नायलॉक (आत नायलॉनचे कडे असलेले, सहज न सुटणारे) असावेत. स्टेनलेसचे आटे एकमेकांत जाम होतात, म्हणून त्यांना अँटी-सीझ लावावे आणि त्या वंगणामुळे टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, थोडा कमी धरावा. आतल्या बाजूस केवळ वायसरवर भागवू नये. दोन-तीन बोल्टांना मिळून एक अखंड आधारपट्टी द्यावी, म्हणजे भार भिंतीच्या मोठ्या भागावर पसरतो.

भिंतीच्या आत प्लायवूड असू शकते. नाण्याने ठोकून पाहावे : खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर जुन्या भोकांतून पाणी मुरल्याचा संशय धरावा आणि ते निस्तरल्याशिवाय काहीही बसवू नये. नवे भोक आधी मोठे पाडून इपॉक्सीने भरावे व मग त्यातून योग्य मापाचे पाडावे, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही.

प्लेट इंजिनच्या जॅक प्लेटखाली (इंजिन ज्यावर वर-खाली सरकते त्या ब्रॅकेटखाली) दाबून बसवलेली असल्यास, बोल्ट सोडण्यापूर्वी इंजिन चेन ब्लॉकवर टांगून घ्यावे. जाडी 2 मि.मी.ने वाढली की तेवढाच बोल्ट तोकडा पडतो. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसलेच पाहिजेत. त्यानंतर इंजिन दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून व पूर्ण वर उचलून नांगराला कुठे लागते का, ते पाहावे.

सोलापूरहून टेंभुर्णीपर्यंत बोट ट्रेलरवर जाताना बसणारे हादरेही हिशेबात धरावेत. प्रवासात उभे दांडे पट्ट्याने बोटीला आवळून ठेवायला गिऱ्हाइकाला सांगावे. उजनीचे मच्छीमार गाळात बांबू रोवून होडी बांधतात, तेव्हा वाऱ्याचा झोका दोरी थोडाफार सोसून घेते. इथे तो थेट प्लेटवर येतो. म्हणून वारा वाढल्यावर दोन्ही दांडे वर घ्यावेत.

काम झाल्यावर प्रत्येक नटापासून प्लेटपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. पहिल्या फेरीनंतर ती कुठे तुटलेली दिसते, ते पाहून त्या जागेचा विचार पुन्हा करावा.