‘वस्तुस्थिती’ नावाचं पान आणि मी केलेली सही

गेल्या अंकात ‘द दा विंची कोड’ या चित्रपटाचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. डॅन ब्राऊन यांची कादंबरी २००३ची, चित्रपट २००६चा; पण आता तो मोबाइलवर पाहणारी नवी पिढी आली आहे आणि तिचे प्रश्न तेच जुने आहेत. ज्यांना कथा माहीत नाही त्यांच्यासाठी: पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात खून होतो आणि त्याचा माग काढता काढता नायक रॉबर्ट लँग्डन एका ‘गुपिता’पर्यंत पोचतो. येशूचं त्याची शिष्या मरिया माग्दालिया हिच्याशी लग्न झालं होतं, त्यांचा वंश फ्रान्समध्ये टिकला आणि चर्चने हे दडपून ठेवलं, असं ते गुपित.

प्रश्न: ताई, मी इंजिनीअरिंगला आहे. चित्रपट आवडला म्हणून कादंबरी आणली. पहिल्याच पानावर ‘वस्तुस्थिती’ असं शीर्षक देऊन लिहिलंय की ‘प्रायरी ऑफ सायन’ (कथेत ते गुपित जपणारी संघटना) ही १०९९ साली स्थापन झालेली खरी संघटना आहे. मग बाकीचंही खरंच असणार ना?

उत्तर: तू नेमक्या पानावर बोट ठेवलंस. माझं भांडण कादंबरीशी नाही, त्या एका पानाशी आहे. कथेत कुणी काहीही म्हणो, वाचकाला ठाऊक असतं की हे पात्र बोलतंय. पण ते पान कथा सुरू होण्याआधी येतं आणि तिथे लेखक स्वतः सांगतो की पुस्तकातली कलाकृतींची, वास्तूंची, कागदपत्रांची वर्णनं अचूक आहेत. तिथे वाचक विश्वास टाकतो, आणि तिथेच तो फसतो.

ही ‘प्रायरी’ १९५६ साली फ्रान्समध्ये रीतसर नोंदवली गेली. ती नोंदवणारा पिएर प्लांतार हा स्वतःला जुन्या मेरोव्हिंजियन राजघराण्याचा वारस म्हणवून घेत असे. संघटनेच्या सुरुवातीच्या पत्रकात स्वस्त घरांत राहणाऱ्या भाडेकरूंच्या हक्कांचा विषय होता, हे वाचून मी थबकले होते. पुढे १९६०च्या दशकात प्लांतार आणि त्याच्या साथीदारांनी बनावट वंशावळी आणि ‘गुप्त दस्तऐवज’ तयार करून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवून दिले. चित्रकार लिओनार्दो दा विंची, शास्त्रज्ञ न्यूटन, लेखक व्हिक्टर ह्यूगो ही प्रायरीच्या प्रमुखांची नावं त्याच कागदांतली. ग्रंथालयात कागद आहे एवढ्यावरून तो खरा ठरत नाही, तो कुणी आणि कधी तिथे ठेवला हे विचारावं लागतं. १९९३मध्ये एका न्यायाधीशांच्या चौकशीत प्लांतारला हा सगळा बनाव कबूल करावा लागला. कादंबरी त्यानंतर दहा वर्षांनी आली.

त्या पानावर ‘ओपस देई’चंही नाव आहे. ती कॅथलिक संस्था मात्र खरी आहे, १९२८ साली स्पेनमध्ये सुरू झालेली. पण तिच्यात भिक्षू नसतातच, त्यामुळे कथेतला झगा घालून खून करत फिरणारा तिचा भिक्षू ही निव्वळ कल्पना आहे.

एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. पॅरिसच्या सँ-सुल्पिस चर्चमध्ये जमिनीवर पितळेची एक रेघ आहे. कादंबरी तिला ‘रोझ लाइन’ म्हणते आणि प्राचीन देवळाचा अवशेष ठरवते. प्रत्यक्षात तिथे अठराव्या शतकातलं खगोलीय उपकरण आहे. खिडकीतून आलेला सूर्यकिरण त्या रेघेवर कुठे पडतो यावरून संपात, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, ओळखायचा आणि ईस्टरची तारीख नीट काढायची, हा त्याचा उपयोग. कादंबरी हातात घेऊन पर्यटक येऊ लागले तेव्हा चर्चने तिथे एक पाटी लावली. एका खपाऊ कादंबरीत म्हटलंय तसं इथे प्राचीन देऊळ कधीच नव्हतं, आणि खिडक्यांवरची ‘पी’ व ‘एस’ ही अक्षरं प्रायरीची नसून पीटर आणि सुल्पिस या दोन संतांची आहेत, असं तीत स्पष्ट लिहिलं. चित्रीकरणाला त्यांनी परवानगी दिली नाही, तो त्यांचा हक्क. पण आलेल्या माणसाला हाकललं नाही, त्याला माहिती दिली.

प्रश्न: लिओनार्दोच्या ‘शेवटचं भोजन’ या चित्रात येशूच्या शेजारी बाईच बसलेली दिसते. मी मोठं करून पाहिलं.

उत्तर: तो योहान आहे. सर्वांत तरुण शिष्य म्हणून त्याला बिनदाढीचा, लांब केसांचा, कोवळ्या चेहऱ्याचा रंगवायची त्या काळी इटलीत रीतच होती. ती मरिया मानली तर बारा शिष्यांतला योहान गेला कुठे? शिवाय कोरड्या गिलाव्यावर काढलेलं ते चित्र लिओनार्दोच्या हयातीतच खराब होऊ लागलं होतं. त्यावरून चेहऱ्यांचे बारकावे वाचताना जपून.

प्रश्न: मी नास्तिक आहे. इ.स. ३२५मध्ये नायसियाच्या परिषदेत सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन येशूला देव केलं, हे तरी मान्य कराल का?

उत्तर: नाही करणार, आणि त्यासाठी तुम्हाला श्रद्धेची गळ घालणार नाही. इ.स. ११२च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने सम्राट ट्रेजनला लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, असं तो त्यात कळवतो. हा गृहस्थ ख्रिस्ती लोकांना शिक्षा देणारा होता, त्यांची बाजू घेण्याचं त्याला कारण नव्हतं. हे नायसियाच्या दोनशे वर्षं आधीचं. परिषदेतला वाद वेगळा होता: पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, की पित्याने निर्माण केलेला? सुमारे तीनशे बिशप जमले होते. कादंबरीत हा निर्णय थोड्याच मतांच्या फरकाने झाल्याचं म्हटलंय. प्रत्यक्षात शेवटी निर्णयावर सही नाकारली ती फक्त दोघांनी. चित्रपट इथे कादंबरीपेक्षा प्रामाणिक आहे, कारण पडद्यावरचा लँग्डन याच मुद्द्यावर टीबिंगला, म्हणजे हे सगळं सांगणाऱ्या इतिहासकार पात्राला, हटकतो.

तुम्ही ‘फिलिपच्या शुभवर्तमाना’चाही (शुभवर्तमान म्हणजे येशूविषयीचा ग्रंथ) दाखला दिला आहे. १९४५मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ सापडलेल्या हस्तलिखितांपैकी ते एक. टीबिंग म्हणतो की त्यात मरियासाठी आलेल्या ‘सोबतीण’ या शब्दाचा अर्थ अरामी भाषेत पत्नी असा होतो. ते हस्तलिखित अरामीत नाही, कॉप्टिकमध्ये आहे आणि तो शब्द मुळात ग्रीक आहे. येशू मरियाचं चुंबन घेत असे, या वाक्यात कुठे ते सांगणारा शब्द असायला हवा तिथे पपायरस फाटलेला आहे. त्या भोकात ‘ओठ’ हा शब्द भाषांतरकारांनी अंदाजाने भरला.

प्रश्न: आमच्या घरी यावरून वाद झाला. आई म्हणते, तेव्हाच बंदी घालायला हवी होती. तुम्ही स्वतः ख्रिस्ती आहात, तेव्हा तुमची भूमिका काय होती?

उत्तर: विचारलंत म्हणून सांगते. मे २००६मध्ये आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मिस्सा (रविवारची उपासना) संपल्यावर एक निवेदन फिरत होतं. चित्रपटावर बंदी घालावी, अशी मागणी होती. मी त्यावर सही केली. कादंबरी मी वाचली नव्हती, चित्रपट तर कुणीच पाहिला नव्हता. पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात एका नववीतल्या मुलीने विचारलं, “टीचर, त्यात चूक काय काय आहे?” मला एकही मुद्दा सांगता आला नाही. ३२ वर्षं तो वर्ग मी घेतला, पण त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नाही. त्याच आठवड्यात मी पुस्तक आणलं आणि वही घेऊन वाचायला बसले. वर जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं त्या वहीतलं आहे.

आपल्याकडे तेव्हा काय घडलं तेही आईंना सांगा. मुंबईत निदर्शनं झाली, उपोषणं झाली. माहिती आणि प्रसारण मंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी ख्रिस्ती प्रतिनिधींसह चित्रपट पाहिला. सेन्सॉर बोर्डाने ‘ए’ प्रमाणपत्र दिलं आणि हे सारं काल्पनिक आहे अशी सूचना दाखवण्याची अट घातली. अशीच सूचना ओपस देईने निर्मात्यांकडे मागितली होती, तेव्हा ती मिळाली नव्हती. भारतात ती दाखवली गेली. माझ्या मते गोष्ट तिथे संपायला हवी होती, कारण त्या ‘वस्तुस्थिती’च्या पानाला याहून सरळ उत्तर नाही. पण नागालँड, पंजाब, गोवा, तामिळनाडू, आंध्र प्रदेश अशा राज्यांनी तरीही बंदी घातली. आंध्र आणि मद्रास उच्च न्यायालयांनी आपापल्या राज्यातली बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्येच रंगराजन खटल्यात सांगून ठेवलं होतं की निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे झुकून अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दडपता येणार नाही.

आईंचं दुःख मी हलकं मानत नाही. ज्याच्यापुढे रोज गुडघे टेकायचे त्याच्याविषयी असं पाहताना आत काहीतरी तुटतं. इंग्लंडमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीने चित्रीकरण नाकारलं आणि लिंकन कॅथीड्रलने एक लाख पौंडांची देणगी घेऊन परवानगी दिली, तेव्हा एक संन्यासिनी लिंकनच्या दाराबाहेर बारा तास प्रार्थना करत राहिली. तिने कुणाची वाट अडवली नाही. तिचा विरोध मला माझ्या सहीपेक्षा कितीतरी खरा वाटतो.

आणि एक तक्रार आमच्या गदारोळात कुणी ऐकलीच नाही. कथेतल्या खुनी भिक्षूला अल्बिनिझम आहे, म्हणजे त्याच्या त्वचेत आणि केसांत रंगद्रव्य नाही. अमेरिकेतल्या अशा लोकांच्या संघटनेने म्हटलं की पडद्यावर आम्ही नेहमी दुष्टच का? हा प्रश्न आमच्या निवेदनात असता तर मी आजही त्यावर सही केली असती.

प्रश्न: माझी मुलगी १५ वर्षांची आहे. चित्रपट पाहून ती म्हणाली, “आई, निदान यात मरियाला मान तरी दिलाय. चर्चमध्ये तर ती वेश्या होती असंच शिकवतात.” मला उत्तर सुचलं नाही. तिला कादंबरी वाचू द्यावी का?

उत्तर: जरूर द्या. तुमच्या लेकीने जखमेवरच बोट ठेवलं आहे.

मरिया माग्दालिया वेश्या होती असं बायबलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूचे पाय अश्रूंनी भिजवणारी एक पापी स्त्री येते, तिला नाव नाही. आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला मरिया माग्दालिया येते, जिच्यातून सात भुतं निघाली होती. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या पायांना सुगंधी तेल लावणारी बेथानीची मरिया आहे. या तिघींना पोप ग्रेगरी यांनी इ.स. ५९१मधल्या एका प्रवचनात एकच ठरवलं. पूर्वेकडच्या चर्चने हे कधी मानलं नाही. पश्चिमेत मात्र चित्रकारांनी तिला मोकळे केस सोडून रडताना रंगवलं आणि पतित स्त्रियांच्या आश्रमांना तिचं नाव दिलं. कॅथलिक चर्चने ही सरमिसळ १९६९मध्ये दिनदर्शिका सुधारताना दूर केली. पण ते आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांपर्यंत नीट पोचलं नाही. मीही पहिली काही वर्षं मुलांना जुनंच शिकवलं. ती कादंबरी इतक्या बायकांना जवळची का वाटली, याचं एक कारण मला इथे दिसतं. एका स्त्रीचा मान हिरावला गेला होता, एवढं तरी त्यात खरं होतं.

पण कादंबरीने तो मान कसा दिला, हेही मुलीला पाहायला सांगा. ती कुणाची तरी पत्नी होती, कुणाच्या तरी वंशाची आई होती, म्हणून मोठी. शुभवर्तमानात तिचं मोठेपण असं उसनं नाही. २०१६मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या, म्हणजे येशूने निरोप देऊन पाठवलेल्या शिष्यांच्या, सणांचा दर्जा दिला. ‘प्रेषितांची प्रेषिता’ हे तिचं बिरुद तर कितीतरी जुनं आहे.

कादंबरी वाचून झाली की दोघी मिळून योहानाचा विसावा अध्याय वाचा, मोठ्याने. पहाट झालेली नाही, पेत्र आणि दुसरा शिष्य येशूची रिकामी कबर पाहून घरी परतले आहेत. मरिया एकटी तिथे रडत उभी आहे. मागे कुणीतरी उभं आहे, तिला वाटतं माळी असेल. तो येशू असतो; तो फक्त तिचं नाव घेतो, “मरिये.” ती वळते आणि म्हणते, “रब्बूनी,” म्हणजे गुरुजी. मग तो तिला भावांकडे निरोप घेऊन पाठवतो, आणि ती जाऊन सांगते की मी प्रभूला पाहिलं आहे. हे सांगणारं माणूस त्या पहाटे जगात दुसरं कुणी नव्हतं.