घरच्या घरी रिट्रीट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. घरी आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत. निवासी रिट्रीटला (मौन धरून प्रार्थनेत काढायच्या दिवसांना) जाणं सध्या शक्य नाही. शनिवार-रविवार घरीच केली तर? (जरीपटका)

जरूर करा, पण दोघांनी एकाच शनिवारी नको. या आठवड्यात एकाने, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने. ज्याची रिट्रीट नाही त्याच्याकडे स्वयंपाक, मुलगी, दारावरची बेल आणि आलागेला. दोघं एकदम बसलात तर दुपारी बाराच्या आत दोघांचीही मोडेल.

सुरुवात शुक्रवारी रात्री करायची. जेवण आटोपून नऊला अर्धा तास बसा आणि देवाकडे काय मागायचं आहे ते एका वाक्यात वहीत लिहा. ‘मनःशांती दे’ असं ढोबळ नको. ‘वडील गेल्यापासून माझी प्रार्थना आटली आहे, ती परत दे’ असं नेमकं हवं. मग फोन बंद करून कपाटात ठेवा. गजरासाठी साधं घड्याळ घ्या. गजराच्या निमित्ताने फोन उशाशी राहिला की पहाटे साडेपाचला ऑफिसचा ग्रुप उघडतो आणि तिथेच दिवस हातचा जातो.

शनिवारी चारच बैठका : सकाळी 6, 11, दुपारी 4 आणि रात्री 8. प्रत्येक बैठकीत 45 मिनिटं प्रार्थना, मग जागेवरून उठून 15 मिनिटं वहीत नोंद. बायबलच्या उताऱ्यात काय लिहिलं होतं ते नोंदवू नका. मन कुठे थांबलं, कुठे चिडलं, कुठे पळालं ते लिहा. मधल्या वेळात भांडी घासा, तांदूळ निवडा, अर्धा तास चाला, पण कानात गाणी नकोत आणि प्रवचनंही नकोत. यूट्यूबवरची चांगली प्रवचनं ऐकत बसणं म्हणजे दुसऱ्याची रिट्रीट ऐकणं.

रविवारी सकाळी एक बैठक घ्या, शुक्रवारचं वाक्य पुन्हा वाचा आणि मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, जा. कन्फेशन (फादरांजवळ पापांची कबुली) करायचं असेल तर फादरांची वेळ आधीच्या आठवड्यात मागून ठेवा. रविवारी मिस्सेच्या तोंडावर त्यांच्याकडे पाच मिनिटंही नसतात.

प्रश्न : बायबल घेऊन बसते, पण तासात चार-पाच अध्याय वाचून होतात आणि हाती काहीच लागत नाही. (सदर)

वाचन जास्त होतंय, एवढंच. पुष्कळ जाणून घेतल्याने आत्मा तृप्त होत नाही, आतून चाखल्याने होतो, असं येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांनी ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात अगदी सुरुवातीलाच सांगितलं आहे. एका बैठकीला एकच उतारा, दहा-वीस ओळींचा. वरच्या आखणीसाठी हे पाच पुरतात : स्तोत्र 139; लूक 15:11-32, उधळ्या मुलगा; मार्क 10:46-52, आंधळा बार्तिमय; योहान 21:15-19, पेत्राला येशूने तीनदा विचारलेला प्रश्न; आणि रविवारी लूक 24:13-35, अम्माऊसची वाट.

बसण्यापूर्वी जागेपासून एक-दोन पावलं दूर, एक ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणण्याएवढा वेळ नुसते उभे राहा. आता कोणासमोर बसणार आहोत ते मनात आणा. हीही इग्नाशियसचीच सूचना. मग उतारा दोनदा, ओठ हलवत, सावकाश वाचा. जो शब्द अडवेल तिथे थांबा. तो शब्द सुटत नाही तोवर पुढची ओळ नाही, मग अर्धा उतारा राहिला तरी बेहत्तर. शेवटची दहा मिनिटं येशूशी बोलण्यासाठी, जसं आपल्या माणसाशी बोलतो तसं. ‘मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?’ हे बार्तिमयला विचारलेलं वाक्य तुम्हालाच विचारलंय असं समजून उत्तर द्या.

दुसऱ्या बैठकीत मन पहिल्याच उताऱ्याकडे ओढत असेल तर तोच पुन्हा घ्या. आखणी मोडली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

प्रश्न : बुटीबोरीला शिफ्टमध्ये काम करतो. सलग एक दिवस मिळत नाही. रोज थोडं थोडं चालेल का? (बुटीबोरी)

चालेल, आणि हा काही कमी प्रतीचा मार्ग नव्हे. 1548 साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेल्या, इग्नाशियसच्या त्याच ‘आध्यात्मिक साधना’ ग्रंथातली एकोणिसावी टीप कामात गुंतलेल्या माणसांसाठी आहे : घर आणि काम न सोडता रोज दीड तास. तुम्हाला तेवढा जमणार नाही. रोज 40 मिनिटं धरा, पण पाच आठवडे, आठवड्याला एक उतारा. वेळ घड्याळाला बांधू नका, झोपेला बांधा : ‘उठल्यावर, चहाच्या आधी’. शिफ्ट बदलली तरी हे टिकतं, सकाळी सहाची वेळ टिकत नाही.

सलगता मात्र सांभाळा. आपल्या नागपूरच्या कॅथेड्रलचे (बिशपांच्या मुख्य चर्चचे) आश्रयदाते संत फ्रान्सिस दि सेल्स यांनी वार्षिक आत्मपरीक्षण तुकड्यातुकड्यांत करायला परवानगी दिली, पण फार तर तीन दिवस आणि दोन रात्रींत संपवायला सांगितलं, कारण मध्ये फार खंड पडला की त्याचा जोर ओसरतो. तुमचंही तसंच. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका, नुसतं पुढे चला. लागोपाठ चार दिवस चुकले तर तो आठवडा पहिल्यापासून.

प्रश्न : दुसऱ्याच बैठकीत झोप येते, नाहीतर मन कोरडं पडतं. मग उठून जावंसं वाटतं. (धंतोली)

झोप आणि कोरडेपणा ही दोन वेगळी दुखणी आहेत. आठवडाभर पाच तास झोपलेला माणूस शांत खोलीत बसला की झोपणारच; शुक्रवारी रात्री दहाला अंथरूण धरा, दुपारी भात कमी घ्या, जेवणानंतर अर्धा तास सरळ झोपा. तरी डुलकी आलीच तर उभे राहून प्रार्थना करा.

कोरडेपणात वेळ कापायचा नाही. उलट ठरलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं जास्त बसायचं. आणि नोकरी, लग्न, भांडण यांबद्दल आधी शांत मनाने घेतलेला निर्णय त्या तासात बदलायचा नाही.

प्रश्न : मुलांच्या सुट्टीत, मे महिन्यात करावी म्हणते. (मानकापूर)

नागपूरचा मे यासाठी वाईट. दुपारच्या बैठकीत प्रार्थना कमी आणि घाम पुसणं जास्त होतं. करायचीच तर पहाटे 5 ते 8 मध्ये दोन बैठका, रात्री एक, दुपार सोडून द्या. कूलरच्या आवाजाची चिंता नको, तो शेजारचा टीव्ही झाकतो. जमत असेल तर आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) किंवा उपवासकाळाचा (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा) पहिला आठवडा धरा. पाणी तोडू नका. मधुमेह असेल तर उपासही नको. रिट्रीटसाठी उपास सक्तीचा नाही.

प्रश्न : मार्गदर्शक नसला तरी चालेल? (मोहननगर)

बैठकांना कोणी सोबत नसलं तरी चालेल. पण आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास, फादर किंवा सिस्टर, कोणीतरी हवं. आधीच्या भेटीत आखणी दाखवा; नंतर वही घेऊन जा, सगळी नाही, खूण केलेल्या तीन ओळी वाचून दाखवा. नुकताच घरात मृत्यू झाला असेल, किंवा नैराश्यासाठी उपचार चालू असतील, तर एकट्याने दिवसभर मौन धरू नका. डॉक्टरांना विचारा, गोळ्या वेळेवर घ्या आणि एका वेळी 20 मिनिटांवर थांबा.