'लीन' आणि 'लीप'चे विरुद्धार्थी शोधताना

भावा, इंग्रजी विरुद्धार्थी शब्दांच्या नुसत्या जोड्या पाठ करू नकोस, आधी वाक्य बघ. 'लीन' म्हणजे कलणं असेल, तर उलट 'स्ट्रेटन'. माणूस सडपातळ असेल, तर 'फॅट'. आणि आपल्याकडं उसाचं साल 'लीन' गेलं म्हटलं, तर उलट 'बंपर' इयर! एकच शब्द, तीन उत्तरं. पेपरात पोरं हमखास इथंच फसतात.

'लीप' जास्त अवघड. उडी मारण्याला नेमका विरुद्धार्थी नाहीच, तिथं डोकं शिणवू नकोस. पण गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोन्याचा भाव 'लीप' झाला, तर उलट 'प्लंज' किंवा 'प्लमेट'. 'लीप इयर'च्या उलट ३६५ दिवसांचं 'कॉमन इयर'. पर्याय निवडताना क्रियापदाला क्रियापदच घे, आणि तो वाक्यात घालून एकदा मोठ्यानं वाच.