नवी मशीन घेण्याआधी जुन्या मशीनवर तीन हजार खर्च करा

वरोरा तालुक्यातल्या एका वाढईभाऊंचे, म्हणजे सुतारकाम करणाऱ्या कास्तकाराचे, पत्र आले आहे. अडीच एकर पऱ्हाटी (कापूस) आणि जोडीला घराच्या पडवीत 16 इंची स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पात्याने नक्षी कापायची मशीन. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, देव्हाऱ्याच्या जाळ्या, नावाच्या पाट्या असे काम ते करतात. मशीन सात वर्षांची झाली. काम करताना त्यांची मान धरते, पाते बदलण्यात वेळ जातो. 70 हजारांची नवी मशीन त्यांनी पाहून ठेवली आहे. फायनान्सवाला 16 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी कर्ज देतो म्हणतो. ते घेऊ, की बायकोची पोत गहाण ठेवू, असे त्यांनी विचारले आहे.

भाऊ, पोत पेटीतच राहू द्या. फायनान्सच्या कागदावरही सही करू नका.

तुम्ही कळवलेला हप्ता 3,850 रुपयांचा आहे. 24 हप्त्यांचे 92,400 होतात, म्हणजे व्याज 22,400. हा फ्लॅट दर आहे. तुम्ही मुद्दल फेडत जाता, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण 70 हजारांवरच धरलेले असते. फेडलेले मुद्दल वजा करून हिशेब केला तर खरा दर वर्षाला 28 टक्क्यांच्या आसपास निघतो. तुम्हाला एका जाळीमागे 500 रुपये सुटतात आणि महिन्याला सरासरी 12 जाळ्या होतात. त्या 6,000 मधून हप्ता गेला की उरतात 2,150. शिवाय हप्ता जूनमध्येही येणार, जेव्हा बियाण्या-खतालाच पैसा पुरत नाही. कास्तकाराच्या हातात पैसा येतो तो कापूस विकल्यावर, दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली: "कापायला वेळ लागत नाही, पाते ओवायलाच लागतो." एका जाळीत 40 भोके. दर भोकाला पाना शोधायचा, वरचा स्क्रू सैल करायचा, वरची दांडी एका हाताने धरून ठेवायची, पाते भोकातून ओवायचे, पुन्हा आवळायचे, ताण द्यायचा. दीड मिनिट धरले तरी जाळीमागे तासभर यातच जातो. महागड्या मशीनवर हे काम पटकन होते, कारण तिथे पाते हातानेच सुटते आणि वरची दांडी वरच थांबते. या दोन्ही सोयी घरी करता येतात.

माझे वडील वाढई होते. त्यांनी ॲलन पान्याचा दोन इंचांचा तुकडा कापून सागाच्या मुठीत ठोकून बसवला होता. मूठ मशीनशेजारी दोरीने खिळ्याला टांगलेली असायची. डोळे फळीवर, आणि हात न चुकता मुठीवर. तुम्हीही तशी मूठ करा. दांडीखाली सरकवायला लाकडाचा एक ठोकळा करा, म्हणजे पाते ओवताना ती वर राहील आणि दोन्ही हात मोकळे होतील. ठोकळ्याला लाल रंग द्या आणि तो काढल्याशिवाय मशीन चालू करू नका. भोकामागे अर्धे मिनिट लागू लागले तर जाळीमागे 40 मिनिटे वाचतात. 12 जाळ्यांचे महिन्याला 8 तास झाले.

मान धरते त्याला मशीनची मांडणी जबाबदार आहे. मागच्या बाजूला दोन-अडीच इंचांची पाचर घालून मशीन तुमच्याकडे कलती करा आणि बोल्टने पक्की आवळा. वाकून पाहावे लागणार नाही. स्टँडच्या पायांखाली टायरचे तुकडे आणि खालच्या फळीवर वाळूचे पोते ठेवा, थरथर कमी होईल. पायाने चालवायचा स्विच मोटरच्या ॲम्पिअरला पुरेल असाच घ्या, आणि अर्थिंग तपासून घ्या. भुसा उडवायला माशांच्या टाकीचा छोटा हवापंप चालतो, त्याची नळी पात्याच्या पुढ्यात आणायची. बारीक तुकडे खाली पडत असतील तर टेबलाच्या भोकावर जुने प्लॅस्टिक कार्ड दुहेरी टेपने चिकटवून त्याला पात्यापुरतेच भोक पाडा. सागावर नक्षीचा कागद लावता त्यावरून पारदर्शक पॅकिंग टेप ओढा, लाकूड कमी जळते. टेबलावर मेणबत्ती घासून कापडाने पुसा. हे सगळे तीन हजारांत बसायला हवे. मोटर मात्र उघडू नका. काहीही करण्याआधी प्लग काढा, आणि भुशासाठी मास्क लावा.

आता नव्या मशीनचे. पोळ्याआधीची गर्दी सोडली तर तुमच्याकडची कामे परत जातात का, हे पत्रात नाही. नव्या मशीनने गिऱ्हाईक वाढत नाही. म्हणून एक वही घाला आणि वेळ नाही म्हणून नाकारलेले प्रत्येक काम तारखेसह लिहा. पोळा धरून सहा महिन्यांत अशी दहा-पंधरा कामेही निघाली नाहीत, तर 70 हजारांचा विषय सोडा.

निघाली, तर पीएम विश्वकर्मा योजनेकडे जा. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या या योजनेच्या 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. 5 ते 7 दिवसांचे प्रशिक्षण, रोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर, आणि पहिले 1 लाखापर्यंतचे कर्ज 5 टक्क्यांनी, तारण न ठेवता. 70 हजारांवर 18 महिन्यांचे व्याज 2,800 च्या आसपास पडते. कुठे 22,400 आणि कुठे हे! कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि मुद्राचे कर्ज अंगावर असेल तर ते आधी फेडावे लागते. नोंदणी आधार घेऊन कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये (सीएससी) होते, पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. नोंदणी आत्ताच करून ठेवा.

पण इथेही 70 हजारांचा हप्ता 4,000 च्या वर जातो. म्हणून कापूस विकला की 30 हजार बाजूला काढा आणि कर्ज 40 हजारांचेच घ्या. हप्ता 2,300 च्या आसपास येईल. जून ते सप्टेंबरचे चार हप्ते त्याच कापसाच्या पैशातून, साधारण 9,200 रुपये, वेगळ्या खात्यात टाकून ठेवा. तेवढे निघाले नाहीत, तर मशीन पुढच्या हंगामावर.